सुई टेकवण्याआधी: बेळगाव-खानापूरच्या हवेत एलपी घ्यायची, धुवायची आणि वाजवायची कशी

एलपी ऐकायला नव्यानं लागलेले बहुतेक जण आधी दिसायला झकास यंत्र घेतात, मग मिळतील त्या तबकड्यांचा गठ्ठा आणतात आणि सुईचा विचार सगळ्यात शेवटी करतात. क्रम उलटा पाहिजे. आधी एकच तबकडी, पण चांगल्या अवस्थेतली. मग तिला इजा न करणारी सुई. उरलेल्या पैशात बाकीचं. आपल्याकडची हवा बघता तर हे जास्तच खरं. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, उरलेले महिने तांबडी धूळ. गठ्ठा सांभाळता सांभाळता ऐकायचं राहून जातं.

पहिली तबकडी कुठली, यालाही माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या कुणाचा तरी, मोजक्या वाद्यांचा पॉप-रॉक अल्बम घ्या. पन्नास वाद्यांचा ऑर्केस्ट्रा यंत्राचे दोष पोटात घालतो. एकटा आवाज आणि पियानो काहीच लपवू देत नाहीत. तबकडी जिच्यावर फिरते त्या थाळीची गती डळमळली की पियानोचा लांबलेला सूर हेलकावतो, सुई झिजली असेल तर 'स' आणि 'श' फाटतात आणि अर्थिंग नसेल तर दोन ओळींमधल्या शांततेत घूंऽऽ ऐकू येतं. ऐकायला सुंदर आणि तपासायला सोपी, अशी तबकडी एकदाच घ्यावी लागते.

उदाहरणाला कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' घेऊ. १९६०च्या दशकात ही बाई तेव्हाचा नवरा जेरी गॉफिन याच्याबरोबर इतरांसाठी गाणी करून देत होती. पुढं ती लॉस एंजेलिसला आली आणि जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत स्वतः पियानोवर बसून स्वतःच्या आवाजात अल्बम गायली. निर्माता लू एडलर, ध्वनिमुद्रण हँक सिकॅलोचं. फेब्रुवारी १९७१ मध्ये ओड रेकॉर्ड्सनं तो बाजारात आणला. बिलबोर्डच्या यादीत तो १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता आणि १९७२ मध्ये त्याला चार ग्रॅमी मिळाले. बाजूला सहा अशी बारा गाणी, सगळी मिळून साडेचव्वेचाळीस मिनिटं.

ही मिनिटं लक्षात ठेवा, ती कामाची आहेत. बारा इंची एलपीच्या एका बाजूत बावीस-तेवीस मिनिटं आरामात बसतात. त्याहून बरंच जास्त कोंबायचं तर सुई ज्यांतून चालते त्या खाचा जवळजवळ आणि कमी आवाजात कापाव्या लागतात, मग तबकडीची मूळ खरखर पुढं येते. दोन एलपींचा ऐवज एकीत बसवलेले 'सर्वोत्कृष्ट गाणी' छापाचे संग्रह म्हणूनच मिळमिळीत वाजतात. पहिली खरेदी म्हणून ते घेऊ नका, कितीही स्वस्त मिळोत.

प्रत कुठली घ्यायची

इतका खपलेला अल्बम दुर्मिळ नसतो. जगभर त्याच्या जुन्या प्रती पडून आहेत, नव्यानं छापलेल्याही मिळतात. 'रेअर आहे हो सर' असं म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर हसून पुढं जावं.

पहिल्या काळातल्या अमेरिकन प्रतीवर एसपी ७७००९ हा क्रमांक असतो. पुढं ओडचं वितरण ए अँड एमकडून सीबीएसकडं गेलं, त्या प्रतींवर पीई ३४९४६ दिसतो. क्रमांक कव्हरच्या कण्यावर आणि लेबलवर छापलेला असतो, पण खरी ओळख तबकडीतच आहे. गाणं संपतं तिथून लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर हातानं कोरलेली वा ठोकलेली बारीक अक्षरं असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ती उमटतात. कव्हर एका प्रतीचं आणि आतली तबकडी दुसऱ्याच अल्बमची, हा प्रकार जुन्या बाजारात रोजचा. लेबल तरी वाचूनच पैसे द्यावेत.

नवी प्रत घ्यावी की जुनी? फक्त ऐकायचं असेल तर नवी घ्या, डोक्याला ताप नाही. १८० ग्रॅमचं वजन मात्र आवाजाची हमी नाही. साधी एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते आणि उत्तम वाजते. जड तबकडी सहसा कमी वाकते, एवढाच काय तो फायदा. आवाज ठरतो तो कुठल्या मास्टरवरून, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या कुठल्या प्रतीवरून, खाच कापली आणि कारखान्यानं छपाई किती काळजीनं केली यावर.

शोध

बेळगावात भंगाराची गोदामं आणि जुन्या फर्निचरची दुकानं फिरलात तर एलपी मिळतात, पण जास्त करून नाट्यगीतं, भावगीतं, हिंदी चित्रपट आणि कन्नड भक्तिगीतं. कुमार गंधर्वांचा जन्म जवळच्या सुळेभावीचा, त्यामुळं शास्त्रीय संगीताच्या तबकड्या जपणारी घरं इथं आहेत. वाडा पाडून अपार्टमेंट उभी राहताना माळ्यावरची ट्रंक खाली येते, तेव्हा तिथं ओळखीचं माणूस असलं पाहिजे. भंगार गोळा करणाऱ्या मामांना आपला नंबर देऊन ठेवणं हे ऑनलाइन शोधण्यापेक्षा जास्त फळतं, हा माझा अनुभव आहे.

इंग्रजी पॉपसाठी मात्र कॅम्पातली जुनी घरं, नाहीतर गोवा. चोर्ला घाट उतरलं की पलीकडं पाश्चात्त्य गाण्यांचा शौक पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. हणजुण्याचा बुधवारचा बाजार पर्यटकांसाठी असला तरी नजर टाकायला हरकत नाही. पुण्याला कामानं जाणं होत असेल तर बुधवार किंवा रविवार धरून जा, जुना बाजार त्याच दिवशी भरतो. परदेशातून मागवायची तर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि टपाल धरूनच हिशेब करा. तबकडीपेक्षा वरखर्च मोठा होतो, असं सहज घडतं.

घाटातून आणताना एक पथ्य. पीव्हीसी साठ अंशांच्या वर मऊ पडायला लागतं आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता होते. जेवायला थांबलात तर तबकड्या बरोबर हॉटेलात न्या. डिकीत नको, मागच्या काचेखाली तर नकोच. सीटच्या पाठीमागं उभ्या, दोन्ही बाजूंनी आधार देऊन ठेवा.

हातात घेतल्यावर

विकणारा माणूस तबकडी बाहेर काढतो, शर्टच्या टोकानं गोल गोल पुसतो आणि म्हणतो, "बघा की हो, नवीनच हाय." त्याला तिथंच थांबवायचं. "पुसू नका मामा, हाय तसंच द्या." कोरड्या कापडाखाली धुळीचे कण खाचांवरून फिरतात आणि पुसण्यानंच ओरखडे पडतात.

कडेला आणि लेबलला, एवढ्याच ठिकाणी बोटं लावून तबकडी धरा. उजेड तिरका पडेल अशी फिरवा. केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा कागदी पाकिटातून आत-बाहेर करण्याच्या असतात आणि सहसा ऐकू येत नाहीत. नख हलकेच आडवं नेल्यावर अडकतो तो ओरखडा दर फेऱ्याला टक्‌ करणार. एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे त्या ठेक्यावर ते टक्‌ गाण्यात मिसळत राहणार. ओरखडा खाचेच्या दिशेनं लांबट असेल तर आणखी वाईट, सुई तिथं अडकते किंवा पुढं उडी मारते.

मग लेबलच्या मधलं भोक बघा. भोकाभोवती चकाकणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा असतील तर ती मधला खिळा चाचपत लावल्याची खूण. जितक्या जास्त रेषा, तितक्यांदा तबकडी लागली. रेषा जवळपास नाहीत, लेबल ताजं आहे, तर धूळ कितीही असो, माल चांगला असायची शक्यता दांडगी. उलट तबकडी चकचकीत दिसते पण उजेडात खाचा राखाडी, मळकट वाटतात आणि धुळीचा तर मागमूस नाही, असं असेल तर बोथट सुईनं खाचेच्या भिंती खाल्लेल्या आहेत. हे धुऊन जात नाही. घरगुती ग्रामोफोनवर प्रेमानं वाजवून वाजवून अशा झालेल्या तबकड्या आपल्याकडं ढिगानं आहेत.

वाकडेपणा तपासायला तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून कड बघा. एखादी हळुवार लाट चालते. छोट्या जागेत एकदम उठलेला उंचवटा नको, सुई त्यावरून उडते. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा उपाय बरेच जण सांगतील. त्यानं दहांत एखादी सरळ होत असेलही, बाकीच्यांच्या खाचा कायमच्या बिघडतात.

शेवटी कव्हर. 'टॅपेस्ट्री'चं कव्हर पुस्तकासारखं उघडणारं आहे. पुढं जिम मॅक्क्रेरीनं टिपलेलं छायाचित्र: खिडकीशी बसलेली कॅरोल, हातात तिनंच विणलेलं भरतकाम आणि पुढ्यात टेलेमॅकस नावाचं मांजर. असं कव्हर मधल्या घडीत ओल धरतं. उघडून नाक लावा. कुबट वास आला, तपकिरी ठिपके दिसले, तर कव्हर वेगळं ठेवायची तयारी असेल तरच घ्या. तबकडीवरची बुरशी धुता येते, पुठ्ठ्यातली नाही, आणि ती शेजारच्या कव्हरांत शिरते.

धुणं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. नवी तबकडीसुद्धा कारखान्यातून कागदाचा चुरा घेऊन येते. जुनी तर धुतल्याशिवाय सुईखाली घालायचीच नाही.

पाणी डिस्टिल्डच हवं. विहिरीचं, बोअरचं वा नळाचं पाणी वाळताना क्षार मागं ठेवतं आणि ते नेमके खाचेच्या तळाशी बसतात. औषधाच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणीही चालतं, मात्र डबा नीट वाचून घ्या. त्याच फळीवर बॅटरीचं अॅसिडही असतं.

अर्धा लिटर पाण्यात भांडी धुण्याच्या बिनरंगी, बिनवासाच्या द्रवाचे दोन-तीन थेंब पुरतात. फेस झाला म्हणजे जास्त झालं. बोटांचे तेलकट डाग किंवा बुरशी असेल तर त्यात दहा टक्क्यांच्या आसपास आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा. पण आजोबांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या जड, ठिसूळ तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोल त्यांचा पृष्ठभाग विरघळवतं.

टेबलावर स्वच्छ जाड टॉवेल पसरा, त्यावर तबकडी. लेबलवर त्याच मापाचं प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरा. मऊ, बारीक केसांचा रुंद ब्रश ओला करून खाचांच्या दिशेनं, गोल फिरवा, आडवा कधीच नाही. दाब ब्रशच्या वजनाएवढाच. तीन-चार फेरे, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं साबण पूर्ण जाईपर्यंत विसळा. साबण राहिला तर पहिल्या वाजवणीत सुईवर पांढरट गोळा जमतो. बाजू उलटण्याआधी टॉवेल बदला, नाहीतर धुतलेली बाजू मळक्या टॉवेलवर जाते.

मायक्रोफायबरच्या कापडानं पाणी टिपून घ्या, घासू नका. मग ताटांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवा. पंखा बंद, तो धूळ उडवतो. उन्हाळ्यात अर्ध्या तासात काम होतं. जुलैमध्ये खानापूर भागात रात्रभर ठेवावी लागते. पूर्ण सुकल्याशिवाय आत घातली तर बुरशीला आपणच आमंत्रण दिलं.

आणि परत जुन्या कागदी पाकिटात घालू नका. प्लॅस्टिकचं अस्तर असलेली किंवा पॉलिथिनची आतली पाकिटं मिळतात, ती घ्या. मऊ पीव्हीसीची जाड पाकिटं दिसायला छान, पण वर्षानुवर्षं त्यात राहिलेल्या तबकडीवर धूसर थर चढतो आणि तो निघत नाही.

यंत्र आणि सुई

घरात जुना एचएमव्ही फिएस्टा किंवा फिलिप्सचा पेटीतला ग्रामोफोन असेल तर तो शोभेला ठेवा, किंवा आधीच झिजलेल्या तबकड्यांसाठी. त्यांत सिरॅमिक वा क्रिस्टल कार्ट्रिज (दांडीच्या टोकाची, सुई धरणारी डबी) असतं आणि सुईवर येणारं दांडीचं वजन पाच-सहा ग्रॅमच्या घरात जातं. शिवाय मोनोच्या काळातली सुई खालीवर नीट हलत नाही, आणि स्टिरिओ खाचेत अर्धी माहिती खालीवरच्याच हालचालीत असते. अशी सुई ती माहिती खरवडून काढते. आज नव्यानं विकायला असलेले सूटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअरही बहुतेक याच जातीचे. लग्नात भेट द्यायला ठीक आहेत.

घ्यायचं तर मॅग्नेटिक कार्ट्रिजचं यंत्र घ्या, म्हणजे सुई बदलता येते. पूर्ण स्वयंचलित, साधं यंत्र नवशिक्याला पुरतं. दांडीमागचं वजन स्वतः जुळवता येईल असं यंत्र घेतलं तर पुढं चांगलं कार्ट्रिज बसवायची सोय राहते. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई दोन ग्रॅमवर चालतं, ऑर्टोफॉनचं २एम रेड १.८ ग्रॅमवर. दोन्हींची सुई लंबगोल टोकाची आहे. खाच आतल्या बाजूला जाते तसं अशी सुई साध्या गोल टोकापेक्षा जास्त तपशील उचलते.

आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाइकानं आणलेलं जुनं यंत्र असेल तर मागची पट्टी वाचा. ११० व्होल्ट असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल हे सगळ्यांना कळतं. मेख फ्रिक्वेन्सीची आहे. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. जुन्या एसी मोटरची गती फ्रिक्वेन्सीवर ठरते, त्यामुळं एलपीच्या ठरलेल्या ३३⅓ ऐवजी थाळी मिनिटाला २७.८ फेरे फिरते. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी तीनचं गाणं काळी दोनवर येतं आणि बाई पेंगत गातेय असं वाटतं. ट्रान्सफॉर्मरनं हे सुधारत नाही, मोटरची पुली बदलावी लागते. डीसी मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक गतिनियंत्रण असेल तर हा प्रश्न येत नाही.

मांडणी

शहापूर, अनगोळच्या जुन्या घरांत माडीची जमीन लाकडी असते. शेजारून पोरगं पळत गेलं तरी सुई उडते. यंत्र भिंतीत ठोकलेल्या फळीवर बसवा. फळीवर कडप्प्याचा एक जाड तुकडा आणि खाली रबराच्या चकत्या. गवंड्याची पाणसळ थाळीवर दोन्ही दिशांना ठेवून पातळी बघा. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नयेत, बासच्या कंपनांनी सुई पुन्हा थरथरते.

आता वजन. सुईचं झाकण काढा, दांडी लिफ्टवरून (तिला हळूच उचलणारी-टेकवणारी कळ) सोडा आणि मागचं वजन फिरवत फिरवत दांडी हवेत आडवी तरंगेल अशी करा, ना सुई खाली झुकते ना मागचा भाग. हे शून्य. दांडी जागेवर अडकवून वजनावरचा आकडा असलेला भाग शून्यावर आणा, मग संपूर्ण वजन कार्ट्रिजच्या आकड्यापर्यंत फिरवा. पण आकड्यांवर फार भरवसा नको. छोटा डिजिटल काटा घ्या, सोनाराकडं असतो तसा, एक शतांश ग्रॅमचा. त्याचं ताट लोखंडी नसावं, नाहीतर कार्ट्रिजच्या चुंबकाला ओढ बसून आकडा चुकतो. वजन कमी ठेवलं म्हणजे तबकडी वाचेल, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि योग्य वजनापेक्षा जास्त नुकसान करते. शिफारस केलेल्या किमान-कमाल वजनांच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवा.

अँटिस्केट, म्हणजे दांडीला आत खेचणारी ओढ तोलणारी कळ, त्याच आकड्यावर. कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागद छापून घेता येतो. दोन ठिपक्यांवर सुई टेकवून कार्ट्रिजच्या कडा रेषांशी समांतर आहेत का, एवढंच बघायचं असतं. कागद छापताना मोजपट्टी लावून माप खरं आलंय का ते तपासा, प्रिंटर आकार लहान करून टाकतो.

गती तपासायला लेबलच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला पाहिजेत. काळ्या-पांढऱ्या रेघांची स्ट्रोब चकतीही मिळते. आपल्या ५० हर्ट्झसाठी ३३⅓च्या कड्यावर १८० रेघा असलेलीच हवी. जुन्या पिवळ्या बल्बखाली रेघा स्थिर दिसल्या म्हणजे गती बरोबर. एलईडीखाली बघू नका, बरेच एलईडी लुकलुकतच नाहीत. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची गती मंद निघाली तर आधी पट्टा बदला, तो रबरी असतो आणि सैल पडतो.

जोडणी आणि घूंऽऽ

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्टचा इवलासा सिग्नल येतो. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, ते वाजवताना उलटे करावे लागतात. हे दोन्ही काम फोनो प्रीअॅम्प करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. गणपती मंडळाच्या अॅम्प्लिफायरला माइकच्या भोकात वायर खुपसून कुणी 'चालतंय की' म्हणेल, पण आवाज वाढला तरी सुरांचा तो तोल काही जमत नाही. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत प्रीअॅम्प आतच असतो आणि मागं फोनो-लाइन असं बटण असतं. अॅम्प्लिफायरला फोनो असं लिहिलेलं भोक असेल तर बटण फोनोवर, साधं ऑक्स असेल तर लाइनवर. दोन्हीकडं प्रीअॅम्प लागला की आवाज फाटतो.

यंत्रातून निघणारी सुटी बारीक वायर, जिच्या टोकाला आकडा असतो, ती अॅम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावा. निम्मी घूंऽऽ इथंच जाते. तरीही राहिली तर घराचं अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. हे फक्त गाण्यासाठी नाही, जिवासाठीही करून घ्या. गावाकडं व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. वीज गेली तर थांबलेल्या तबकडीवर सुई तशीच ठेवू नका, दांडी हातानं उचलून ठेवा.

पहिली बाजू

तबकडी फिरायला लागली की कार्बन फायबरचा ब्रश हलकेच टेकवून धूळ गोळा करा, मग लिफ्टनं सुई खाली. बोटानं टेकवायची हौस नंतर भागवा.

'टॅपेस्ट्री'चं पहिलंच गाणं पियानोच्या ठोक्यांनी आणि ड्रम-बासच्या जोमानं सुरू होतं. इथं बास घट्ट वाटला पाहिजे. लडबडत असेल तर फळीचा किंवा स्पीकरच्या जागेचा दोष. दुसरं गाणं संथ आहे, पियानोचे लांब सूर हेलकावतात का ते इथं ऐका. हेलकावा दर फेऱ्याला एकदा येत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही किंवा ती वाकडी आहे. अनियमित असेल तर पट्टा किंवा मोटर.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून एलपीवर शेवटच्या गाण्यांतच आवाज फाटतो आणि म्हणूनच बरेच जण बाजूच्या शेवटी शांत गाणी ठेवत. या अल्बममध्ये तिथं जवळजवळ नुसता पियानो, बास आणि कॅरोलचा आवाज आहे. ती वरच्या पट्टीत जाते तेव्हा 'स' स्वच्छ राहिला, पियानोला करकर आली नाही, तर तुमची सुई, वजन आणि कोन तिन्ही जमलं. करकर आली तर क्रमानं बघा: सुईवर धूळ आहे का, वजन कमी आहे का, कोन चुकलाय का. तिन्ही ठीक असूनही फाटत असेल तर दुसरी एखादी चांगली तबकडी लावून बघा. ती स्वच्छ वाजली तर दोष प्रतीच्या खाचेत आहे आणि त्यावर इलाज नाही. पहिल्या बाजूच्या अखेरीला मात्र भरघोस आवाज आहे, तिथं थोडी तडजोड मान्य करा.

मधूनच टक्‌टक्‌ येत राहिलं तर पुन्हा धुवा. कोरड्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, चटचट आवाज स्थिर विजेमुळं येतो. ब्रश फिरवताना दुसरा हात यंत्राच्या धातूच्या भागाला लावा, कमी होतो.

पावसाळा आणि पुढचं

तबकड्या उभ्याच ठेवा, पुस्तकांसारख्या, फार दाबून नाही आणि तिरक्याही नाही. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट नको. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, खालच्या खणाऐवजी मधला वापरा. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्यात तर त्या महिन्याला तापवून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर त्यांचा उपयोग नाही. डांबरगोळ्या टाळा, त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि छपाईला बरी नव्हे. पावसात आठवड्यातून एकदा कपाट उघडून हवा लागू द्यावी, पण धुकं दाटलेल्या सकाळी नव्हे. दुपारी उघडीप असेल तेव्हा.

सुईचं गणित करून ठेवा. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास चालते, ५०० धरून चाला. हा अल्बम पाऊण तासाचा. रोज एकदा वाजवला तर पावणेदोन-दोन वर्षांत सुई बदलायची वेळ येते. एका बाजूत सुई जवळपास अर्धा किलोमीटर खाच चालते, झीज होणारच. बसवल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या तळाला चिकटवा. बदलताना पूर्ण कार्ट्रिज घ्यायची गरज नाही, पुढचा प्लॅस्टिकचा भाग ओढून काढता येतो आणि नवा बसतो. दुकानात जुना नमुना दाखवून मागा, मॉडेलच्या एका अक्षराच्या फरकानंही वेगळी सुई हातात येते. बसवल्यावर वजन पुन्हा काट्यावर तपासा.